झोळी उतरल्यानंतर

(सहकारी मंडळीच्या कापणी सणाला, उपासनेनंतरच्या सभेत आमच्या आरोग्य विभागाच्या कार्यकर्त्या भगिनींनी केलेले भाषण.)



आज सकाळी पाळकसाहेबांनी मार्काचा दुसरा अध्याय घेतला. कफर्णहूमचा पक्षाघाती मनुष्य, त्याला उचलून आणणारे चौघे, दारात गर्दी, मग छप्पर उसकटून खाली सोडलेली खाट. सातपुड्यात हा उतारा समजावून सांगावा लागत नाही. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या कितीतरी पाड्यांवर आजही आजारी माणसाला बांबूच्या झोळीत निजवून, खांदे बदलत बदलत डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. एकदा एका पाड्यावर हा उतारा वाचून झाल्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं, "बाई, ते सगळं खरं, पण त्या घरवाल्याचं छप्पर मागनं शाकारून कोणी दिलं?" मी थिऑलॉजीचा डिप्लोमा केला आहे, पण याचं उत्तर आमच्या नोट्समध्ये नव्हतं.

हा प्रश्न मला आवडतो, कारण आमचं बरंचसं काम त्या 'मागनं' मध्येच आहे. शुभवर्तमानातला तो मनुष्य त्याच घटकेला उठला, स्वतःची बाज उचलून घरी गेला. आमच्याकडचा मनुष्य दवाखान्यातून परत येतो तो झोळीतूनच. गावकरी त्याला खाटेवर ठेवतात, चहा घेतात आणि आपापल्या शेतावर जातात. त्यानंतर काय होतं, ते आज सांगायचं आहे.

आमच्या भागात या आजाराला लकवा म्हणतात. कोणी म्हणतं अंगावरून वारं गेलं. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि मेंदूचा तेवढा भाग मरतो. बहुतेक वेळा गुठळीच असते. चेहरा एका बाजूला ओढला जातो, एक हात लुळा पडतो, बोलणं अडखळतं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन आहे, पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन करून गुठळीच आहे, रक्तस्राव नाही, याची खात्री करावी लागते. १०८ ची गाडी रस्त्यावर येते हो, पण रस्ता पाड्यावर येत नाही. झोळीने दोन तास चालून, तिथून पुढे घाट उतरून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत ते साडेचार तास बहुधा संपलेले असतात. तरीही पोहोचायचंच. इंजेक्शनची वेळ गेली तरी उपचारांची वेळ गेलेली नसते. फक्त वाटेत तोंडात पाणी घालू नये आणि घरात पडलेली कसलीही गोळी देऊ नये.

हा श्रीमंतांचा, शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांचा आजार, असं तुमच्यापैकी कोणाला वाटत असेल, तर गडचिरोलीकडे पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं लकवा. साधारण सात मृत्यूंमागे एक.

आणि जे वाचतात, त्यांचं काय?

एका मावशींचं सांगते. पन्नाशीच्या. दरवर्षी दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गुजरातमध्ये जाणाऱ्या. पावसाळ्याच्या तोंडाशी सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या कलंडल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आठ दिवस दवाखान्यात राहून परत आल्या तेव्हा हातात एक पिशवी, पिशवीत गोळ्या आणि एक कागद. कागदावर लिहिलेलं होतं की फिजिओथेरपी करा. कुठे करायची, कोणी करायची, ते कागदावर नव्हतं. जवळची फिजिओथेरपी म्हणजे जीपने जाऊन येऊन अख्खा दिवस आणि दोघांची मजुरी.

आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांना येऊन तीन आठवडे झाले होते. घरच्यांनी काही हयगय केली होती असं समजू नका. उलट फारच जपलं होतं. हलू द्यायचं नाही, भरवायचं, पुसायचं, निजवून ठेवायचं. प्रेमानेच. पण निजून राहिलेल्या माणसाच्या कमरेखाली जखम होते, लुळ्या हाताची बोटं मुठीत आवळत जातात, टाच आखडते, आणि एकदा आखडलेली टाच सरळ करणं फार कठीण. उठवताना ते लुळाच हात धरून ओढत होते, त्यामुळे खांद्याचा सांधा सैल होऊन ठणकत होता. मावशी ओरडत, तर घरच्यांना वाटे, बाई हट्ट करते.

आमच्याबरोबर महिन्यातून एकदा एक फिजिओथेरपिस्ट ताई येतात. त्यांनी पहिल्या दिवशी व्यायाम सांगितलेच नाहीत. त्यांनी खाट फिरवली. आधी दार मावशींच्या चांगल्या बाजूला होतं, ते आता लुळ्या बाजूला आलं. का, तर येणारा-जाणारा त्या बाजूने बोलेल, मान तिकडे वळेल, मेंदूला त्या बाजूची आठवण राहील. मग उशी नव्हती, तर जुन्या लुगड्याची गुंडाळी करून हाताखाली ठेवली. दर दोन तासांनी कूस बदलायची. उठवताना कमरेला धरायचं, हाताला नाही. पोलकं घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. पाणी पाजताना टेकवून पूर्ण ताठ बसवायचं, आणि पातळ पाण्यापेक्षा आधी घट्ट पेज. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात तेव्हा पातळ पाणी चटकन श्वासनळीत उतरतं. ठसका लागतो, आणि कधी कधी ठसकाही न लागता ते फुप्फुसात जातं. पुढे ताप आणि न्यूमोनिया. लकव्यातून वाचलेली माणसं अशी एका पेल्याभर पाण्याने गेलेली आहेत.

मग सुरू झालं उठणं. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. पण शेजारचे भाग ते काम शिकू शकतात. लहान मूल कसं शंभरदा पडून उभं राहायला शिकतं, तसंच. पहिल्या तीन महिन्यांत हे शिकणं सर्वांत वेगाने होतं. त्यानंतर वेग मंदावतो, थांबत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तासभर करून भागत नाही, रोज आणि पुष्कळ वेळा करावं लागतं. मावशींच्या नवऱ्याने अंगणात चार खुंटे ठोकून कमरेच्या उंचीवर दोन आडवे बांबू बांधले. शहरातल्या फिजिओथेरपी विभागात पॅरलल बार असतो ना, तोच, फक्त विनाखर्चाचा. खाटेच्या काठावरून उठायचं, बसायचं. दहा वेळा सकाळी, दहा दुपारी, दहा संध्याकाळी. हातासाठी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत चिंचोके टाकायचे. पहिल्या आठवड्यात एकही उचलला गेला नाही. बोटांना नुसतं चिंचोक्याला लावून यायचं, तरी मोजायचं.

आणखी एक वस्तू म्हणजे आरसा. साधा, दाढीला वापरतात तसा, पण थोडा मोठा. दोन हातांच्या मध्ये उभा धरायचा, लुळा हात आरशामागे लपवायचा आणि चांगला हात हलवत आरशात पाहायचं. मेंदूला वाटतं, तोही हात हलतोय. पाड्यावरच्या पोरांना ही जादू इतकी आवडली की मावशींच्या खाटेपाशी त्यांची गर्दी होऊ लागली. ती पोरंच मग आकडे मोजायची. जगभर वापरतात ही पद्धत, आणि त्यातून उपयोग होतो असं अभ्यासांत दिसलं आहे. सगळ्यांना सारखाच होतो असं नाही.

वाचेचं मात्र वेगळं झालं. दवाखान्याच्या कागदावर नोंद होती की रुग्णाला बोललेलं समजत नाही. आता त्या मावशी पावरी बोलणाऱ्या, आणि त्यांच्याशी तिथे सगळे बोलत होते मराठी आणि हिंदीत! लकव्यानंतर पुष्कळांना समजतं सगळं, पण शब्द सापडत नाही. शिवाय अशा वेळी मागाहून शिकलेल्या भाषेपेक्षा मायबोलीचाच आधार वाटणार. आमची पाड्यावरची सेविका त्यांच्याच बोलीत बोलू लागली तेव्हा पहिल्याच दिवशी मावशींनी मान हलवून बरोबर उत्तरं दिली. तीन आठवडे त्या माउलीला सगळे येडी समजत होते.

आणि मग रविवारची उपासना. आम्ही अंगणातच बसलो होतो. त्यांच्या बोलीतलं गीत सुरू झालं आणि नवऱ्याचं नाव, पाणी हा शब्द, काहीही न येणाऱ्या मावशी आख्खं कडवं गायल्या. शब्दांसकट. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं, कोणी 'हालेलुया' म्हणालं. पण सासू काय म्हणाली सांगू? "म्हणजे बोलता येतं हिला! ढोंग करते." प्रभूची स्तुती मीही केली, पण मग सासूबाईंच्या शेजारी बसून समजावलं की बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं, तिथे घाव बसलाय. चाल आणि गाणं यांत उजवी बाजूही काम करते, ती शाबूत आहे. म्हणून गाणं आलं, बोलणं नाही. हे डॉक्टरांना फार जुन्या काळापासून माहीत आहे आणि गाण्याच्या वाटेने बोलणं शिकवण्याची पद्धतही आहे. तेव्हापासून 'पाणी दे' हे आम्ही चालीवर म्हणून घेऊ लागलो. तुमच्याकडे गायनमंडळ आहे, सुंदर आहे, सकाळी ऐकलं. मंडळीत कोणाची वाचा गेली असेल, तर त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या आवडीचं गीत म्हणा. त्यांच्या ओठांकडे पाहा.

मी हे सगळं सांगते आहे त्यात मावशींच्या घरातलं आणखी एक माणूस राहिलं. त्यांची धाकटी लेक. आश्रमशाळेत नववीला होती. आई पडली त्याच आठवड्यात तिला घरी आणलं, कारण बाप मजुरीला गेला नाही तर चूल पेटणार नाही, आणि आईचं करायला कोणीतरी हवं. जून गेला, जुलै गेला, शाळेतून दोनदा निरोप आला. आमच्याकडे घरातलं मोठं माणूस पडलं की बहुधा एका मुलीची शाळा त्याच्याबरोबर पडते. दवाखान्याच्या कागदावर याला जागा नसते. आम्ही ठरवलं होतं की मावशी चुलीपर्यंत चालतील तेव्हा चालतील, पण पोर शाळेत परत गेली पाहिजे.

त्यासाठी पैसे नाही लागले. लागल्या चार बाया. पाड्यावरच्या महिला मंडळातल्या दोघी, एक चुलतजाऊ, आणि एक शेजारीण जी आपल्या मंडळीतली नाही, तिच्या घरी भगत येतो. प्रत्येकीने दिवसाचा एक वेळ वाटून घेतला. सकाळी अंघोळ आणि व्यायाम एकीचा, दुपारची पेज दुसरीची. गणपती झाल्यावर पोर शाळेत गेली. नववीचं वर्ष वाचेल का ते आज सांगता येत नाही, गणितात मागे पडली आहे. तरुण संघातलं कोणी सुट्टीत शिकवायला येणार असेल तर मला जेवणाच्या वेळी भेटा.

त्या शेजारणीवरून आठवलं. भगताकडे जाणाऱ्यांना आपण ख्रिस्ती लोक जरा चटकन हसतो. भगत निदान घरी येतो, बसतो, त्या माणसाला हात लावतो. आपण पुष्कळदा तेवढंही करत नाही. पण एक गोष्ट गंभीर आहे. धडधाकट माणूस अचानक पडला की 'कोणी केलं' हा प्रश्न निघतो, आणि बोट बहुधा एखाद्या एकट्या, विधवा बाईकडे जातं. डाकीण म्हणून बायांना मारहाण झाली आहे, जीव गेले आहेत. त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. तरीही पाड्यावर बसून रक्तदाब म्हणजे काय, मेंदूची नस कशी फुटते, हे मातीत काडीने काढून दाखवणं, यानेच एखाद्या बाईचा जीव वाचू शकतो.

आपल्या घरातलंही बोलते. बेथेस्दाच्या तळ्याकाठचा मनुष्य ३८ वर्षं पडून होता आणि आपल्याला पाण्यात सोडायला कोणी नाही, हे त्याचं गाऱ्हाणं होतं. आपण त्याची गोष्ट वाचतो, मग प्रार्थनेला जातो आणि दोन महिन्यांत कोणी उठलं नाही की हळूच म्हणतो, विश्वास कमी पडला असेल. हे म्हणू नका. लकवा झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसांना पुढे नैराश्य येतं. ती रडतात, जेवत नाहीत, भेटायला नकार देतात. तो आजाराचाच भाग आहे, त्यालाही औषध आहे. त्यावर आपण पापाचा हिशेब मांडायला बसलो, तर आपण ईयोबाचे मित्र झालो.

आणि गोळ्या. दुसऱ्या एका पाड्यावर एक भाऊ होते, छान सावरलेले, काठी घेऊन शेळ्या चारायला जायचे. बाहेरून आलेल्या एका सभेत त्यांना सांगण्यात आलं की तुला आरोग्य मिळालं, आता औषध म्हणजे अविश्वास. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या. दुसरा झटका आला तो रात्री. नाताळाच्या आधी आम्ही त्यांना माती दिली. मी प्रार्थनेवर जगणारी बाई आहे, पण याबद्दल मी कोणाचीही भीड ठेवत नाही. रक्तदाबाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते, बरं वाटलं तरी ती चालू ठेवायची असते. सोबत मीठ कमी, तंबाखू-मिसरी बंद, दारू बंद. आपल्या मंडळीतही, मिसरी लावणाऱ्या भगिनींनो, मी कोणाकडे बघत नाहीये.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. घरच्यांना शिकवलं की फिजिओथेरपिस्टची गरज संपते, असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आपल्याच देशात १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर याची मोठी चाचणी झाली, लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांचा त्यात मोठा वाटा होता. नेहमीच्या उपचारांबरोबर एका गटातल्या घरच्यांना पुनर्वसनाचं खास शिक्षण दिलं, दुसऱ्या गटाला नाही. २०१७ मध्ये निष्कर्ष आला. सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यांत दोन्ही गटांत फरक नव्हता. मी ते वाचलं तेव्हा दोन दिवस खिन्न होते, कारण आमचं काम तर याच विश्वासावर चाललेलं. पण मग वाटलं, बरं झालं कोणीतरी मोजलं. गरिबांना 'तुमचं तुम्हीच करा' असं सांगून मोकळं होण्याची वाट त्याने बंद केली. घरचे हवेतच, जखमा टाळायला, भरवायला, रोज उठवायला. पण शिकलेला माणूसही दारात यायला हवा, आणि पुन्हा पुन्हा यायला हवा. आमच्या ताई महिन्यातून एकदा येतात, हे कमी आहे.

म्हणून मागणं मांडते. या मंडळीत निवृत्त नर्स आहेत, एक-दोन फिजिओथेरपिस्टही आहेत असं पाळकसाहेब म्हणाले. वर्षातून एक आठवडा द्या. राहायची सोय आमच्याकडे, भाकरी आमच्याकडे, भाषेला सेविका बरोबर. चार पायांच्या काठ्या हव्यात. रक्तदाब मोजायची यंत्रं हवीत. संडासाची खुर्ची लागते, कारण लुळा पाय घेऊन कोणी उकिडवं बसू शकत नाही. आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून भागवतो, तेव्हा जुन्या पण मजबूत खुर्च्या चालतील. व्हीलचेअर मात्र कृपा करून पाठवू नका. डोंगरउतारावर ती चालत नाही. गेल्या खेपेला प्रेमाने आलेल्या एका व्हीलचेअरवर सध्या कोंबडी अंडी उबवते आहे. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आणि संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी तालुक्याला खेपा घालाव्या लागतात, त्याचं जीपभाडं हा आमचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कंटाळवाणा खर्च. पावतीपुस्तक आणलं आहे, दानपेटीशेजारी ठेवलंय.

मावशी आता अंगणातल्या बांबूंना धरून चार फेऱ्या घालतात. उजवा हात चिंचोका उचलतो, भाकरी अजून थापत नाही. या वर्षी त्या ऊसतोडीला जाणार नाहीत, नवराही बहुतेक जाणार नाही, आणि उचल न घेता वर्ष कसं काढायचं हा विचार त्या घरात चालू आहे. आमची पुढची फेरी महिनाअखेरीच्या शुक्रवारी निघते. जीपमध्ये दोन जागा रिकाम्या आहेत.